खात्यात आलेला पैसा आणि वाडीचा हिशोब

(कुंभिवली इथे भातकापणीच्या तोंडावर कातकरी आणि ठाकूर वाड्यांची बैठक झाली. त्या बैठकीत संघटनेच्या कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी बोलीत होतं तसंच, थोडं आवरून, इथे छापलं आहे. वाडीवर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज बाया जास्त आल्यात, बरं वाटलं. येताना वाटेत एक म्हातारी भेटली. तिनं मला विचारलं, "बाय, सरकार आमच्या खात्यात पैसे टाकतं, त्याचं चांगलं झालं का वाईट झालं, ते कोण बघतं?" मी म्हटलं, आजी, आज त्यावरच बोलायचंय. मुंबईत बघतात, दिल्लीत बघतात, मोठी मोठी माणसं कागद लिहितात. पण ज्याच्या घरी पैसा आला त्यानं त्याचा हिशोब मांडलाय, असं काय मी अजून बघितलं नाय. तो आपण मांडायचा.

आधी कायकाय येतं ते मोजू. म्हाताऱ्यांना आणि एकट्या बायांना संजय गांधी निराधार नाहीतर श्रावणबाळचे महिन्याला १५०० रुपये. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण, २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १५००. ज्यांच्या नावावर जमीन नाहीतर वनहक्काचा पट्टा आहे, त्यांना पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि राज्य सरकारचे आणखी ६०००. बाळंतपणाला वेगळे. कागदावर बघितलं तर आपल्यासारखं श्रीमंत कुणी नाय!

हसू नका, कागदावरचं वाईट नाय. पण कागदावरचं हातात किती येतं, कधी येतं आणि त्यानं घरात काय बदलतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सरकार फक्त पहिल्याचं उत्तर छापतं. अमुक लाख बायांना अमुक कोटी वाटले, म्हणून सांगतं. वाटले हे खरंय. पण वाटणं म्हणजे काम झालं, असं नाय. पेरलं म्हणजे पिकलं का?

खावटीची आठवण

आपल्याला हे नवं नाय. तुमच्यातल्या जुन्या माणसांना खावटी आठवत असेल. पावसाळ्यात कणगी रिकामी होते, मजुरी नसते, तेव्हा आदिवासी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज देत होते. २०१३-१४ च्या सुमारास ते थांबलं. मग कोरोना आला. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. भट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर माणसं अडकली, चालत घरी आली. तेव्हा संघटनांनी मागणी केली आणि सरकारनं एका वर्षापुरती खावटी परत आणली. या वेळी कर्ज नाय, अनुदान. कुटुंबाला ४००० रुपये. त्यातले २००० खात्यात आणि २००० चा किराणा. राज्यात ११ लाख ५५ हजार कुटुंबं आणि ४८६ कोटी रुपये, असा तो निर्णय होता. कातकऱ्यांसारख्या आदिम जमाती, रोजगार हमीचे मजूर, वनहक्काचे पट्टेदार, परित्यक्ता, विधवा, सगळे त्यात धरले होते.

आता हिशोब करा. ४००० रुपये बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ३३३. घरात पाच माणसं धरली तर माणशी महिन्याला ७० रुपयेसुद्धा नाहीत. आणि आले कधी? निर्णय झाला २०२० च्या पावसाळ्यात. पुष्कळ ठिकाणी वाटप झालं २०२१ साल उजाडल्यावर. भूक लागली एका पावसाळ्यात, ताट आलं दुसऱ्या. आता मी असं म्हणत नाय की खावटी फुकट गेली. ज्या घरात डाळ-तेल आलं त्यांनी खाल्लं. पण खावटी कशासाठी होती? सावकाराकडे जाऊ नये म्हणून. मग बघायचं काय? त्या पावसाळ्यात सावकाराकडे जाणं कमी झालं का? ते कुणी मोजलं नाय.

तर पहिली गोष्ट ही. योजना ज्यासाठी आली, तेच मोजायचं.

दोन प्रकारची बोलणी

पैशाबद्दल दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक बाजारातलं. "या लोकांना पैसे दिले की दारूत घालवतात." शेठ बोलतो, कधी साहेब बोलतो, आणि खरं सांगू, आपल्यातलेच शिकलेले पोरगेही बोलतात. दारूनं आपली घरं बुडवली आहेत, हे मी नाकारत नाय. बाया त्यासाठी भांडल्यात. पण खात्यात पैसे आल्यामुळे दारू वाढते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो तपासला गेलाय. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा नावाच्या दोघांनी जगभरातल्या १९ अभ्यासांचा धांडोळा घेतला. गरिबांना रोख रक्कम दिल्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला, असं जवळजवळ कुठेही दिसलं नाय. पुढच्या वेळी कुणी असं बोललं तर त्याला विचारा, दादा, तुझा पगार होतो तेव्हा आम्ही तुझी बाटली मोजायला येतो का?

दुसरं बोलणं मोठ्या सभांमधलं. "पैसा थेट खात्यात, आता कसली चिंता!" म्हणजे पैसा दिला की रेशन नको, अंगणवाडी नको, रोजगार हमी नको, जमीनसुद्धा मागू नका. हे बोलणं पहिल्यापेक्षा गोड आहे म्हणून जास्त धोक्याचं आहे. त्यावर मी शेवटी येते.

इंदूरच्या बाजूचा प्रयोग

आता एक चांगली गोष्ट सांगते. मध्य प्रदेशात इंदूरच्या बाजूला २०११-१२ च्या दरम्यान सेवा या बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. आठ गावांत सगळ्यांना, कुठलीही अट न घालता, दर महिन्याला पैसे दिले. आधी मोठ्या माणसाला २०० आणि मुलाला १००, वर्षानंतर ३०० आणि १५०. आणखी बारा गावं घेतली, तशीच, पण तिथे पैसे दिले नाहीत. त्याशिवाय दोन आदिवासी गावं घेतली. घोडाखुर्दला पैसे दिले, भिलामीला नाय.

तुम्ही म्हणाल, ज्यांना दिलं नाय त्यांना कशाला मोजलं? तेच तर समजून घ्यायचं. समजा यंदा भात बरं आलं, घरात खाणं वाढलं. मग सरकार म्हणेल, बघा आमच्या पैशानं खाणं वाढलं. पण ते पावसानं वाढलं असेल! पाऊस दोन्ही गावांवर सारखाच पडला, पण पैसा एकाच गावात आला, आणि तरी त्या गावात फरक दिसला, तर तो फरक पैशाचा. मेक्सिको देशात १९९७ मध्ये गरीब आयांना पैसे द्यायला सुरुवात झाली, तिथेही असंच केलं. ५०६ गावं निवडली, ३२० गावांना आधी दिलं, १८६ गावांना नंतर. मधल्या काळात दोघांची तुलना केली.

इंदूरच्या बाजूला काय दिसलं? खाणं सुधारलं, मुलांची वजनं सुधारली, पोरं शाळेत जास्त जाऊ लागली. लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बी-खत घेतलं. कर्ज कमी झालं. आणि आदिवासी गावात एक फरक दिसला, तो नीट ऐका. लोक दुसऱ्याच्या मजुरीला जाण्याऐवजी स्वतःच्या शेतात जास्त काम करू लागले. "पैसे दिले की आळशी होतात" म्हणणाऱ्यांना हे सांगा. लोक कामाला लागले, फक्त स्वतःच्या.

पण ते कधी झालं? त्यांच्याकडे शेत होतं म्हणून. ज्याच्याकडे स्वतःचं शेतच नाय, तो पैसा घेऊन कुठल्या शेतात राबेल?

आपलं माप : उचल

सरकारचं माप कोटीत असतं. पंडितांचं माप किलोत आणि टक्क्यात असतं. आपलं माप काय? मला विचाराल तर आपलं माप आहे उचल.

हे तुम्हाला मी सांगायची गरज नाय. पावसाळ्यात घरात काही नसतं. गणपती येतात, पोर आजारी पडतं, छप्पर गळतं. मुकादम येतो, हातावर उचल ठेवतो. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड, पोरांसकट, भट्टीवर. आठवड्याला खर्ची. पावसाच्या तोंडावर हिशोब. किती हजार विटा पाडल्या ते शेठच्या वहीत. वही त्याची, पेन त्याचं, बेरीज त्याची. आणि शेवटी म्हणतो, अजून तुझ्याकडेच फिरतायत, पुढच्या वर्षी ये. १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा सांगतो की अशा कर्जापायी माणसाला बांधून ठेवता येत नाय, आणि ते कर्ज फेडायलाही लागत नाय. कायदा आहे. पण उचल आहे तोवर बांधिलकी आहे.

तर माझा प्रश्न एवढाच. लाडकी बहीणचे पैसे यायला लागून वर्ष होऊन गेलं. तुझ्या घरानं यंदा उचल कमी घेतली का? घेतलीच नाय का? का तेवढीच घेतली? एक घर जरी म्हणालं की ताई, यंदा गणपतीला मुकादमापुढे हात पसरला नाय, तर मी म्हणेन, या पैशानं मोठं काम केलं. आणि सगळी वाडी म्हणाली की उचल होती तेवढीच आहे, तर मग विचारायला पाहिजे, पैसा आला तो गेला कुठे? का वेळेवर आलाच नाय? का मुकादमानंच ओळखलं की आता हिच्या खात्यात पैसे येतात, आणि त्यानं विटांचा दर दाबून धरला? हेही होऊ शकतं. मोजल्याशिवाय कळणार नाय.

पैसा आणायला लागणारा पैसा

दुसरं माप. पैसा घरी आणायला किती लागतो? धरा, वाडीपासून बँकेपर्यंत जाऊन-येऊन टमटमचे ६० रुपये. मजुरी बुडाली ३००. पहिल्या दिवशी म्हणाले, लिंक नाय, उद्या या. दोन फेऱ्यांचे ७२० गेले. १५०० मधले हातात उरले ७८०. सरकारच्या कागदावर मात्र १५०० च लिहिलंय. मशीनवर अंगठा उमटत नाय, ते वेगळंच. विटा थापून, खडी फोडून बोटांच्या रेषा पुसल्या, त्याला बाईनं काय करायचं? एका केंद्रात माझ्या बरोबरच्या बाईला तीन महिन्यांत पाच वेळा परत पाठवलं, आणि दर वेळी कागदाचे वीस-वीस रुपये घेतले. पावती मागितली तर हसले.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सांगितली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार मागितलं. जिचा नवरा वारला, बापही नाय, जिला नवऱ्यानं टाकलं, ती काय करणार? आणि जी दिवाळीनंतर भट्टीवर जाणार, तिनं भट्टीवरून खोपोली-कर्जतला फेऱ्या मारायच्या? म्हणून भट्टीवर जायच्या आधी हे काम वाडीनं मिळून करायचं. ज्यांचं अडतंय त्यांची यादी करून तहसीलला एकत्र जायचं. एकटीला परत पाठवतात, पन्नास जणींना पाठवत नाहीत.

म्हणजे अट जितकी जास्त, तितका जो सगळ्यात गरीब तोच पहिला गळतो. योजना तपासताना ज्यांना मिळालं त्यांच्याकडेच बघून चालत नाय. ज्यांना मिळायला हवं होतं आणि मिळालं नाय, त्यांची घरं आधी मोजायची.

तांदूळ का पैसा

तिसरं. कुणी म्हणालं, रेशन बंद करतो, त्याचे पैसे देतो, तर घ्यायचं का? झारखंडमध्ये रांचीजवळ नगडी नावाचा भाग आहे. तिथे ऑक्टोबर २०१७ पासून हेच केलं. रुपया किलोचा तांदूळ, त्याऐवजी किलोमागे ३१ रुपये खात्यात टाकायचे, आणि लोकांनी आपला एक रुपया घालून दुकानात ३२ रुपयांनी घ्यायचा. आधी बँकेत जा, पैसे आले का बघा, मग अंगठेवाल्याकडे जा, मग दुकानात. लोक इतके हैराण झाले की नगडीहून रांचीपर्यंत चालत मोर्चा नेला. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला ते मागे घ्यावं लागलं.

आपल्या राज्यातही आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये देतात, पुढे ते १७० केले. आधी माणशी पाच किलो मिळायचं. म्हणजे किलोला ३० रुपये, आता ३४. ३४ रुपयांत तुमच्या दुकानात कसला तांदूळ मिळतो ते तुम्हीच सांगा. आपल्या अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. ४० रुपये भाव धरला तर १४०० रुपये झाले. लाडकी बहीणएवढंच जवळजवळ! भाव वाढला तर ३५ किलो हे ३५ किलोच राहतं. १५०० मात्र घटत जातात. म्हणून पैसा मिळाला तर घ्या, पण रेशनच्या बदल्यात घेऊ नका.

आणि कामाच्या बदल्यातही घेऊ नका. रोजगार हमी आपल्या महाराष्ट्राच्या दुष्काळातून, मोर्च्यांतून आली. १९७७ चा कायदा, १९७९ पासून लागू. २०२५-२६ मध्ये दर होता ३१२ रुपये. शंभर दिवस काम मिळालं तर ३१,२०० होतात. लाडकी बहीणचे वर्षाचे १८,०००. पैसा सरकारच्या मर्जीवर आहे, काम मागणं हक्कात आहे. भट्टीवर जायच्या आधी नमुना ४ भरून काम मागा आणि पोच घ्या.

पैसा आणि जमीन

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं.

लाडकी बहीणचा एक नियम बघा. ज्या बाईच्या नावावर पीएम किसान आणि राज्याचे असे वर्षाचे १२,००० येतात, म्हणजे महिन्याला हजार, तिला लाडकी बहीणचे फक्त ५०० मिळतात. म्हणून काही जणी म्हणायला लागल्या, पट्टा नवऱ्याच्याच नावावर राहू दे, माझं नाव घालू नका, माझे हजार जातील. बायांनो, असं करू नका गं! वनहक्क कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर दिलाय. ती जमीन विकता येत नाय, पोराबाळांकडे जाते. हजार रुपये उद्या कुणी बंद करील. पट्ट्यावरचं नाव कुणी तसं सहज पुसू शकत नाय.

दुसरं, पैसा येतो कुठून? मे २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख वळवले. सरकार म्हणतं, आदिवासी बायांनाच दिले ना? दिले असतील. पण आदिवासी विकासचा पैसा आश्रमशाळांसाठी, वाडीच्या पाण्यासाठी, वसतिगृहांसाठी असतो. लाडकी बहीण सगळ्या बायांसाठी आहे, तर आपल्या वाट्याचं आपल्याच खिशातून का? एका हातानं काढून दुसऱ्या हातात ठेवलं, तर त्याला दिलं म्हणत नाहीत.

तिसरं. या पट्ट्यात पैशाचा आणखी एक प्रकार आपण बघितलाय. फार्महाऊसवाला येतो, एकदम लाखांची गोष्ट करतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाय, जमीन महसूल संहितेचं ३६-अ कलम आहे. तरी कुठलातरी अंगठा घेतात. घर बांधलं, गाडी घेतली, लग्न केलं, दोन वर्षांत पैसा संपला. आणि ज्या जमिनीत नाचणी-वरी पिकायची, तिथे आता आपलाच पोरगा राखणदार. हीसुद्धा रोख रक्कमच होती. तिचं मूल्यमापन करायला कुणी पंडित लागत नाय.

रायगडच्या दळी जमिनींचं भांडण आपण वर्षानुवर्षं करतोय. दावे पडून आहेत, काहींचे फेटाळले, काहींना कसतात त्याच्या निम्मी जमीन मिळाली. महिन्याचे १५०० आले म्हणून दाव्याचा पाठपुरावा सोडला, असं एकाही घरानं करू नये. उलटं करा. या पैशातून अपिलाचे कागद काढा, बांध घाला, बी घ्या. ज्या गावाकडे शेत होतं तिथेच पैशानं माणूस उभा राहिला, हे लक्षात ठेवा.

काय करायचं

बोलणं पुष्कळ झालं. आता काम. प्रत्येक वाडीनं एक दोनशे पानी वही घ्यायची. शाळेत जाणारी दोन पोरं लिहायला. दर घराला सहा प्रश्न.

एक, कुठले पैसे यायला हवेत, कुठले येतात, कुठले अडकले?
दोन, शेवटचे कुठल्या महिन्यात आले, आणि आणायला किती फेऱ्या, किती खर्च?
तीन, पैसे कुणाच्या हातात राहतात, बाईच्या का दुसऱ्याच्या?
चार, गेल्या वर्षी उचल किती, यंदा किती?
पाच, रेशन पूर्ण मिळतं का?
सहा, जमिनीचा दावा कुठे अडकलाय?

भट्टीवर जायच्या आधी एकदा लिहायचं, आणि पावसाच्या तोंडावर परत आल्यावर पुन्हा. ज्यांना पैसे मिळतात त्यांची आणि ज्यांचे अडकलेत त्यांची पानं वेगळी. अडकलेली घरं मुळातच जास्त गरीब असतात, म्हणून घाईनं निकाल लावायचा नाय. पण एकाच घराची आधीची आणि नंतरची पानं शेजारी ठेवली की पुष्कळ कळतं. खरं तेच लिहा. पैशानं फायदा झाला असेल तर तेही लिहा, दारूत गेले असतील तर तेही. आपल्याला सोयीचं तेवढंच लिहिलं, तर आपली वही आणि शेठची वही यांत फरक काय राहिला?

मग ती वही ग्रामसभेत वाचायची. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेनं कामांची तपासणी करायची असं लिहिलंय. इतर पैशांची तपासणी करायला आपल्याला कुणी मनाई केलेली नाय. तिथून पेणच्या प्रकल्प कार्यालयात न्यायची.

वाटेतल्या त्या आजीला मी सांगितलं, बघणारं दुसरं कुणी नाय, आपणच. ती म्हणाली, "मला लिवता येत नाय." मी म्हटलं, आजी, तू सांग, पोरगी लिहील. तेवढं आज ठरवून उठायचं. वाडीवाडीनं पोरांची नावं आत्ता सांगा.

जिंदाबाद.